वस्तऱ्याची पाठ आणि धार

अठरा पेन्सला बारा वस्तरे. एवढ्या स्वस्तात कोण देतो, म्हणून हॉज नावाचा शेतकरी खूश होऊन घरी आला, तोंडाला साबण फासला आणि एकेक वस्तरा चालवून पाहिला. कातडी सोलवटली, डोळ्यांत पाणी आले, दाढी मात्र होती तिथेच राहिली. चिडून तो विक्रेत्याला गाठतो, तेव्हा तो शांतपणे कबूल करतो की हे वस्तरे दाढीसाठी केलेलेच नव्हते, विकण्यासाठी केलेले होते. पीटर पिंडार या टोपणनावाने लिहिणाऱ्या जॉन वोल्कट या इंग्रज कवीची ही अठराव्या शतकाच्या अखेरीची विनोदी कविता. तिची गोडी टिकली, कारण मालाचे दाम आणि त्याची धार यांचे गणित जुळत नाही, हा अनुभव घरोघरी होता.

हॉजच्या वस्तऱ्यांत काय कमी होते, हे कळायला शेफील्डच्या भट्टीपर्यंत जावे लागते. तिथे पूर्वी पोलाद होई ते लोखंडाच्या कांबी कोळशाच्या भुकटीत पुरून, कित्येक दिवस भाजून. कार्बन बाहेरून आत मुरत जाई. साहजिकच कांबीची साल कडक आणि गाभा मऊ राही. असले पोलाद कुदळीला चालते, पण वस्तऱ्याची धार केसाहूनही कितीतरी पातळ. तिच्या लांबीत एक जागा कडक आणि शेजारची मऊ निघाली, तर मऊ जागा वळते, कडक जागा तुटते आणि धारेला दाते पडतात.

यावर तोड काढली ती घड्याळे करणाऱ्या बेंजामिन हंट्समनने. त्याला घड्याळाच्या कमानीसाठी एकजिनसी पोलाद हवे होते. 1740 च्या सुमारास शेफील्डजवळच्या हँड्सवर्थमध्ये त्याने मातीच्या मुशीत, कोकच्या प्रखर आचेवर पोलाद पार वितळवले आणि ओतले. वितळल्यावर साल आणि गाभा हा भेदच उरला नाही. गंमत म्हणजे शेफील्डच्या चाकूवाल्यांनी ते आधी नाकारले. फार टणक, घडवायला त्रासाचे! हंट्समनने आपला माल फ्रान्सला विकला. तिथून त्याच पोलादाची सरस पाती येऊ लागली, तेव्हा शेफील्डचे डोळे उघडले.

मुशीत पोलाद करण्याची ही युक्ती दक्षिण भारतातल्या कारागिरांना मात्र त्याआधी दोन हजार वर्षांपासून ठाऊक होती. लोखंड आणि लाकूड-पाला मुशीत घालायचा, तोंड मातीने लिंपायचे आणि भट्टीत लावायचे. कन्नडमधल्या ‘उक्कु’वरून इंग्रजांनी या पोलादाला ‘वुट्झ’ म्हटले. मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी 1794 मध्ये त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पीअर्सन यांचा त्यावर निबंध आला आणि त्याच्या शीर्षकात हे पोलाद ‘मुंबईत बनणारे’ ठरले. बंदराचे नाव मालाला लागले आणि भट्टीशी बसणारा माणूस मागेच राहिला.

लंडनच्या स्ट्रँड भागात शस्त्रक्रियेची हत्यारे आणि वस्तरे करणारा जेम्स स्टोडार्ट मात्र या पोलादावर फिदा होता. युरोपातल्या सर्वोत्तम पोलादापेक्षा आपण हे पसंत करतो, असे त्याने आपल्या दुकानाच्या कार्डावर छापले होते. त्याच्या जोडीला आला मायकेल फॅरडे, विजेचे शोध लावणारा तोच. लोहाराचा मुलगा असल्याने भट्टी त्याला परकी नव्हती. दोघांनी वुट्झचे रहस्य शोधता शोधता पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून पाहिले आणि 1820 व 1822 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाचशे भागांत एक भाग चांदी पोलादाला चांगली मानवते, असे त्यांना आढळले. फॅरडेने या पोलादांचे वस्तरे करून मित्रांना भेट दिले. पुढे ‘सिल्व्हर स्टील’ ही अक्षरे वस्तऱ्यांच्या पात्यांवर सर्रास दिसू लागली आणि त्यांतल्या अनेकांत चांदीचा कणही नव्हता. गिऱ्हाइकाने अक्षरांचे पैसे मोजले.

चांगल्या वस्तऱ्याची खरी घडणावळ पोलादानंतर सुरू होते. पाते तापवून त्याला पाणी पाजायचे, मग पुन्हा हलके तापवून पिवळसर गवती रंग येताच थांबायचे. क्षणभर उशीर झाला की धार मऊ पडते. नंतर सहाणेचे चाक. वस्तरा निसण्यावर आडवा ठेवला की त्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. म्हणजे धारेचा कोन कारागिराच्या हातात नसून पाठीच्या जाडीत आधीच ठरलेला असतो. पाठ वाकडी असेल, तर जन्मभर पाजळली तरी धार सरळ येत नाही. स्वस्त वस्तरा बहुधा इथेच मार खातो.

हे काम माणसे मारून होत होते. चाकातून उडणारी दगडाची धूळ धार लावणाऱ्यांच्या फुप्फुसात बसे. जर्मन विचारवंत फ्रीडरिश एंगल्सने इंग्लंडच्या कामगारांवरच्या 1845 च्या पुस्तकात शेफील्डच्या डॉक्टर नाइट यांचा हवाला दिला आहे: कोरड्या चाकावरचे कामगार जेमतेम पस्तिशीपर्यंत जगत, ओल्या चाकावरचे क्वचितच पंचेचाळिशी ओलांडत. वस्तऱ्याच्या किमतीत त्यांच्या वाट्याला फारच थोडे येई.

किमतीचा मोठा हिस्सा जाई तो मुठीकडे. हस्तिदंत, कासवाचे कवच, शिंपला, पात्यावर सोनेरी वेलबुट्टी. श्रीमंतांसाठी सात वस्तऱ्यांची पेटी निघे, वाराला एक. विसावा मिळाला की पोलाद ताजेतवाने होते, अशी समजूत त्यामागे होती. सातांत काम वाटले गेल्याने धार लावायची पाळी उशिरा येई, एवढाच त्यातला खरा लाभ. तेव्हा हॉजच्या वस्तऱ्यापेक्षा चांगल्या पोलादाचा, सरळ पाठीचा साधा वस्तरा शतपटीने बरा, हे निर्विवाद. पण त्या साध्या वस्तऱ्यापुढे हस्तिदंती मुठीचा वस्तरा गालावर काही वेगळे करीत नाही.

अमेरिकेतल्या किंग जिलेट यांनी हा हिशेबच मोडला. पाते स्वस्त, टाकून देण्याजोगे, आणि मूठ कायमची. इतक्या पातळ पत्र्याला धार टिकणार नाही असे जाणकार सांगत होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकलेल्या विल्यम निकरसन यांनी तो पत्रा कडक करण्याची यंत्रे बसवली. 1903 मध्ये 51 रेझर खपले, पुढच्या वर्षी 90 हजार. पाच डॉलर किंमत काही कमी नव्हती, पण निसणा आणि वस्तरा घासायचा चामडी पट्टा घरातून गेला.

त्याच संस्थेतल्या संशोधकांनी 2020 मध्ये ‘सायन्स’मध्ये एक निबंध लिहिला. पोलादापेक्षा केस सुमारे पन्नास पटींनी मऊ, तरी पाते का खराब होते? सूक्ष्मदर्शकाखाली दिसले की केस तिरका असेल, वाकायला मोकळा असेल आणि नेमका पात्याच्या असमान कडकपणाच्या जागी गाठ पडेल, तर धारेचा टवका उडतो. हंट्समनला कमानीत नको असलेला तोच असमानपणा.

आपल्याकडच्या सलूनमध्ये आता रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीने वस्तऱ्यात दर गिऱ्हाइकाला नवे पाते चढते. पट्टा भिंतीवरून उतरला. पण खुर्चीत मान मागे टाकलेल्या माणसाच्या गालाची कातडी डाव्या हाताच्या दोन बोटांनी ताणून धरायची सवय न्हाव्याने सोडलेली नाही. साबणाने भिजलेला केस तेवढा वेळ उभा राहतो, त्याला वाकायला जागा मिळत नाही आणि वस्तरा कानशिलापासून खाली सरकतो.