पिकअपसाठी हेल्पर एअर स्प्रिंग: बसवायची कशी, वापरायची कशी आणि ती काय करू शकत नाही

हे रील तुम्ही पाहिलं असेल. मोठा अमेरिकन पिकअप, मागे ट्रेलर, आणि वजनाने मागचा भाग जमिनीकडे झुकलेला. ड्रायव्हर मोबाइलवर एक बटण दाबतो, खालून कंप्रेसरचा घर्रर्र आवाज येतो आणि गाडी हळूहळू सरळ होते. ही कमाल हेल्पर एअर स्प्रिंगची.

आजच्या लेखात ही स्प्रिंग काय असते, कशी बसवतात आणि रोज कशी वापरतात ते पाहू. पण रीलमध्ये जे कधीच सांगत नाहीत, ते आधीच सांगतो: या स्प्रिंगमुळे गाडी सरळ होते, पण गाडीची वजन वाहण्याची क्षमता एक किलोनेही वाढत नाही. हे ज्याला कळलं नाही, त्याच्यासाठी हे किट धोक्याचं आहे.

हेल्पर एअर स्प्रिंग म्हणजे काय?

बहुतेक पिकअपना मागच्या बाजूला लीफ स्प्रिंग असतात, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत पाटे. वजन पडलं की पाटे दबतात आणि गाडी मागून बसते. हेल्पर एअर स्प्रिंग म्हणजे चेसिस आणि ॲक्सल यांच्या मध्ये बसवलेला जाड रबराचा फुगा, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. मूळ पाटे जागेवरच राहतात. फुगा त्यांना फक्त हात देतो, म्हणून नाव हेल्पर. अमेरिकेत याला एअरबॅगही म्हणतात, पण अपघातात उघडणाऱ्या एअरबॅगशी याचा काही संबंध नाही.

तत्त्व तुमच्या ओळखीचं आहे. एसटीच्या शिवनेरीसारख्या व्हॉल्वो बसमध्ये बसल्यावर जो मऊपणा जाणवतो, तो एअर सस्पेन्शनचाच. फरक एवढाच की बसचं वजन हवेच्या फुग्यांवर असतं आणि इथे मुख्य भार पाट्यांवर राहतो.

हवा वजन कशी उचलते?

गणित सोपं आहे: बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. समजा, फुग्याचं परिणामकारक क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर आहे आणि आत दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो दाब आहे (साधारण ५७ पीएसआय). तर तो फुगा ४०० किलो तोलून धरेल. दाब वाढवला की उचलण्याची ताकद वाढते, पण सोबत स्प्रिंग कडकही होते. म्हणून रिकाम्या गाडीत जास्त हवा ठेवली, तर मागचा भाग बैलगाडीसारखा उसळतो.

किट कोणतं?

या बाजारातली दोन जुनी अमेरिकन नावं म्हणजे एअर लिफ्ट आणि फायरस्टोन. पाटे असलेल्या पिकअपसाठी एअर लिफ्टचं लोडलिफ्टर ५००० आणि फायरस्टोनचं राइड-राइट ही किट प्रसिद्ध आहेत. दोन्हींवर ५,००० पौंडांपर्यंतचा, म्हणजे सुमारे २,२७० किलोंचा आकडा असतो आणि कमाल दाब १०० पीएसआय. रॅम १५०० सारख्या गाडीला २००९ च्या मॉडेलपासून मागे कॉइल स्प्रिंग आहे. तिथे कॉइलच्या आत बसणारं एअर लिफ्ट १००० चालतं. त्याची मर्यादा १,००० पौंड आणि ३५ पीएसआय. किट नेहमी गाडीचं मॉडेल आणि वर्ष बघूनच घ्यायचं.

दाराच्या चौकटीवरचा स्टिकर आधी वाचा

टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या मामेभावाच्या फोर्ड एफ-१५० ला आम्ही दोघांनी हे किट बसवलं. पान्याला हात लावण्याआधी आम्ही ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा-पांढरा स्टिकर वाचला. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. त्याच्या गाडीवर आकडा होता ७३५ किलो. आता हिशेब बघा:

• ट्रेलर २,७०० किलोंचा. त्याच्या साधारण १० ते १५ टक्के वजन थेट हुकवर येतं. १२ टक्के धरले तर ३२४ किलो.
• गाडीत चार माणसं: ३०० किलो.
• एअर स्प्रिंगचं किट स्वतः: साधारण १५ किलो.

उरले ९६ किलो. त्यात जनरेटर, पाण्याचे कॅन आणि चार बॅगा टाकल्या की संपलं. फुग्याच्या खोक्यावर ५,००० पौंड लिहिलेलं असलं तरी ती फुग्याची ताकद आहे, ट्रकची नाही. ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक जुनेच राहतात.

बसवायची पद्धत

थोडं टूल-ज्ञान असेल तर दोन माणसांना अर्धा दिवस पुरतो. प्रत्येक किटचं मॅन्युअल वेगळं असतं, क्रम मात्र साधारण असा:

१. गाडी सपाट जमिनीवर लावा, पुढच्या चाकांना ठोकळे लावा. मागच्या चाकाच्या कमानीपासून जमिनीपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा. हा आकडा पुढे रोज लागणार आहे.

२. मागून गाडी उचला आणि चेसिसखाली जॅक स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

३. बंप स्टॉप काढा. मोठ्या खड्ड्यात चेसिस ॲक्सलवर आपटू नये म्हणून लावलेला हा रबरी ठोकळा असतो. बऱ्याच किटमध्ये फुगा त्याच्याच जागी बसतो.

४. फुग्याला वरचा आणि खालचा ब्रॅकेट जोडा, फुगा जागेवर बसवा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने बोल्ट आवळा. फुगलेल्या अवस्थेत त्याच्या चारही बाजूंना बोटभर तरी मोकळी जागा हवी. ब्रेकची नळी किंवा एबीएसची वायर त्याला घासता कामा नये.

५. हवेची नळी धारदार ब्लेडने सरळ कापा. पकडीने कापली तर टोक चपटं होतं आणि तिथूनच हवा गळते. नळी सायलेन्सरच्या पाइपपासून किमान वीतभर लांब ठेवा.

६. दोन्ही फुग्यांना शक्यतो वेगवेगळे व्हॉल्व्ह द्या. एकाच नळीने जोडले तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी जास्त कलते.

७. हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले म्हणजे गळती. दाब लिहून ठेवा आणि २४ तासांनी पुन्हा बघा. सुरुवातीला दोन-चार पीएसआय कमी होणं चालतं. त्याहून जास्त उतरला तर जोड पुन्हा तपासा.

काही दिवस गाडी चालवल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या.

रोजचा वापर

आधी सामान भरा, मग हवा. मागची उंची रिकाम्या गाडीच्या आकड्याजवळ आली की थांबा. त्याहून वर उचलू नका. आमच्या ट्रेलरला ३५ पीएसआयमध्ये काम झालं. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल. तो फोनच्या नोट्समध्ये ठेवा: कोणता माल, किती हवा.

फुगा टायरपेक्षा खूप छोटा असतो, त्यामुळे दाब झटकन चढतो. पंपावरच्या हवेने भरत असाल तर थोडी थोडी भरा आणि दर वेळी गेज बघा.

रिकाम्या गाडीतही किमान ५ पीएसआय हवा ठेवावीच लागते. नाहीतर रबर घडी पडून चिमटतं आणि फाटतं. आत रबरी ठोकळा असलेलं लोडलिफ्टर ५००० अल्टिमेट शून्य दाबही सहन करतं, पण साध्या फुग्याला ते जमत नाही. मी तर म्हणेन १० ठेवा. ३० अंश तापमानाला भरलेले ५ पीएसआय शून्य अंशाला साधारण ३ वर येतात, कारण थंड हवेचा दाब कमी होतो.

मोबाइलवरून हवा

एअर लिफ्टच्या वायरलेस-एअरसारख्या सिस्टिममध्ये छोटा कंप्रेसर गाडीखाली बसतो आणि ब्लूटूथने ॲपला जोडला जातो. डावा-उजवा दाब वेगळा सेट करता येतो, ठरलेले आकडे सेव्ह करता येतात. सोय छान आहे, पण ॲपला फक्त फुग्यातला दाब कळतो. टायर आणि ॲक्सलवर किती भार आहे, हे ते सांगत नाही. त्यासाठी वजनकाटाच लागतो. अमेरिकेतल्या ट्रक स्टॉपवरचे कॅट स्केल प्रत्येक ॲक्सलचं वजन वेगळं दाखवतात, आणि त्याचे पैसे फोनवरून भरता येतात. ॲप वापरायचंच असेल तर आधी ते वापरा.

सरळ दिसणं म्हणजे सुरक्षित असणं नाही

हुक मागच्या ॲक्सलच्या मागे असतो. त्यावर वजन पडलं की सी-सॉसारखं होतं: मागचा भाग दबतो आणि पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो. स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेक मारताना पुढच्या टायरची पकड कमी पडते. एअर स्प्रिंग मागचा भाग उचलते, पण पुढून गेलेलं वजन परत पुढे आणत नाही. ते काम वेट डिस्ट्रिब्युशन हिच नावाच्या वेगळ्या जोडणीचं. झुकलेली गाडी निदान ड्रायव्हरला इशारा देते. फुग्याने तो इशारा पुसला जातो, म्हणून हिशेब आधीच करायचा.

एअर स्प्रिंगचा खरा फायदा वेगळा आहे. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही, खड्ड्यात मागचा भाग आपटत नाही आणि एकाच बाजूला जड सामान असेल तर कल काढता येतो. मर्यादेतल्याच वजनासाठी हे सगळं पैसे वसूल करणारं आहे.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे बोलेरो पिकअपसारख्या गाडीला मागून बसू नये म्हणून जादा पाटा टाकतात. पाटा असो की फुगा, नियम तोच. आरसीवर लिहिलेलं एकूण वजन बदलत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करू देत नाही, त्यामुळे काहीही बसवण्याआधी आरटीओत विचारून घ्या. ओव्हरलोडसाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. गाडी सरळ दिसते की झुकलेली, याच्याशी वजनकाट्याला काही देणंघेणं नसतं.

तर मित्रांनो, क्रम लक्षात ठेवा: आधी स्टिकर, मग काटा, मग हवा. घरात कुणी पिकअप चालवत असेल तर हा लेख त्यांना नक्की पाठवा.