विज्ञान आश्रम, पाबळ

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी १९८३ मध्ये सुरू झालेली तंत्रशिक्षण व ग्रामीण उद्योजकतेची संस्था. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे एक केंद्र. संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग (मृत्यू २००३) हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील वरिष्ठ पद सोडून पत्नी मीरा यांच्यासह पाबळला राहायला आले.

शाळा सुटलेली किंवा दहावीत नापास झालेली मुले बुद्धीने कमी नसतात. त्यांना शिकवण्याची रीत चुकलेली असते, अशी कलबागांची धारणा होती. हाताने काम करता करता माणूस स्वाभाविकपणे शिकतो, म्हणून शिक्षणाची सुरुवातच कामातून करावी, हा आश्रमाचा पाया. इथल्या निवासी अभ्यासक्रमाला आठवीपर्यंतचे शिक्षण पुरते. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार विभाग असून प्रत्येकाला चारही करावे लागतात. त्यामुळे मुली वेल्डिंग करतात आणि मुलगे स्वयंपाकघरात राबतात. एकाच धंद्यात तरबेज कारागीर घडवणारी आयटीआयची पद्धत इथे मुद्दाम टाळली आहे. ज्या गावात एका कामावर पोट भरण्याइतकी गिऱ्हाइके नसतात, तिथे वायरिंग, बांधकाम आणि कोंबडीपालन अशी तीन कामे येणारा माणूसच टिकतो.

या शिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे काम खऱ्या गिऱ्हाइकासाठी होते. गेट, शेड किंवा फेरोसिमेंटची टाकी करताना विद्यार्थ्याला आधी आराखडा काढावा लागतो आणि माल व मजुरी धरून खर्चाचा हिशेब मांडावा लागतो. प्रशिक्षण संपल्यावर ज्यांनी फॅब्रिकेशनचे दुकान किंवा कुक्कुटपालन सुरू केले, त्यांच्या कामी वेल्डिंगच्या सफाईइतकाच हा हिशेबही आला असणार. व्यवसाय-प्रशिक्षणाच्या बहुतेक योजनांत नेमका तोच गळतो.

आश्रमाच्या कार्यशाळेतून विहिरीची जागा शोधण्यासाठी भूगर्भाचा विद्युतरोध मोजणारे यंत्र, जीपच्या जुन्या भागांतून जुळवलेला ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर, तसेच त्रिकोणी चौकटी जोडून उभारलेली घुमटाकार घरे अशा गोष्टी तयार झाल्या. घुमट आजही पाबळची ओळख आहेत. २००२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने इथे फॅब लॅब, म्हणजे संगणकचालित यंत्रांनी वस्तू घडवण्याची छोटी कार्यशाळा, सुरू झाली. जगातील अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. या कल्पनेचे प्रवर्तक नील गेर्शनफेल्ड यांनी २००५ च्या ‘फॅब’ या पुस्तकात पाबळविषयी लिहिले आहे.

अभ्यासक्रमाचे शालेय रूप ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावाने माध्यमिक शाळांत गेले. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस कार्यशाळेत किंवा शेतावर काम करतात आणि शिकवायला बऱ्याचदा गावातलेच कारागीर असतात. सुतार किंवा गवंड्याला शाळेत शिक्षकाचा मान मिळणे ही गोष्ट आपल्या जातिबद्ध समाजात लहान नाही. मात्र अवजारे, कच्चा माल आणि कारागिरांचे मानधन यांचा खर्च नेहमीच्या वर्गापेक्षा जास्त येतो. तो कोणी सोसायचा, या प्रश्नावर या प्रयोगाचा विस्तार अवलंबून राहतो.