'प्रोलिफिक'चा गरीब भाऊ

आमच्या क्षेत्रात ज्याच्या नावावर सगळ्यात जास्त कोड तो 'प्रोलिफिक'. पुस्तकांमागून पुस्तकं लिहिणारा लेखकही प्रोलिफिक. शब्द कौतुकाचा आहे, पण त्याचं घराणं जरा वेगळंच आहे.

लॅटिनमध्ये 'प्रोलेस' म्हणजे संतती. त्याला 'करणे' या अर्थाचा धातू जोडला की 'प्रोलिफिकुस', म्हणजे संतती निर्माण करणारा. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो झाडं, जनावरं, माणसं यांच्या सुपीकतेसाठी. लेखकांना तो पुढे चिकटला. (मराठीत अशा लेखकाला 'बहुप्रसव' म्हणतात. म्हणजे आपणही बाळंतपणच आठवलं!)

पण याच 'प्रोलेस'चं आणखी एक अपत्य आहे. प्राचीन रोममध्ये ठरावीक वर्षांनी नागरिकांची गणती व्हायची. ही पद्धत सर्व्हियस टुलियस राजाने घालून दिली, असं रोमन लोक मानत. मालमत्तेवरून माणसाचा वर्ग ठरायचा आणि वर्गावरून सैन्यातली जागा, कारण शस्त्रं ज्याची त्याने आणायची. मताचं वजनही त्यावरच. श्रीमंतांचे गट आधी मत द्यायचे आणि बहुमत झालं की मतदान तिथेच थांबायचं. ज्यांच्याकडे नोंदवण्याजोगं काही नव्हतं, ते 'प्रोलेटारियुस'. राज्याला देण्यासारखं त्यांच्याकडे एकच होतं, पोरं. त्यांची पाळी येईपर्यंत निकाल बहुतेक लागलेला असायचा.

पुढे सम्राट ऑगस्टसला काळजी लागली, ती वरच्या वर्गात मुलं कमी होतात याची. मग तीन मुलं असणाऱ्यांना सवलती आणि मूल नसणाऱ्यांच्या वारशाला कात्री. म्हणजे श्रीमंताघरी पाळणा हलला की बक्षीस, गरिबाघरी हलला की शिक्का. इ. स. ९ मधला यातला एक कायदा पापियस आणि पोप्पियस या दोन कॉन्सुलांच्या नावाने ओळखला जातो. ते दोघेही अविवाहित होते, असं कॅसियस डिओ हा इतिहासकार सांगतो.

१८४८ च्या जाहीरनाम्यात मार्क्स आणि एंगेल्स यांनी गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांना 'प्रोलेटारियाट' म्हटलं आणि गणतीतला तो जुना शिक्का लढ्याचं नाव झाला. आपल्याकडे त्यासाठी 'सर्वहारा' हा शब्द आला, सगळं गमावलेला. त्यात पोरांचाही उल्लेख उरला नाही.