थांबलेला ठणका

दातदुखीसाठी मराठीत किती शब्द आहेत बघा. कैरी खाल्ली की दात आंबतात, गार पाण्याने शिवशिवतात, मधूनच सणक जाते, आणि रात्री उशीला डोकं टेकलं की दाढ ठणकायला लागते. अमेरिकेत मात्र बऱ्याचदा एवढंच विचारतात: दुखणं एक ते दहामध्ये किती? तुम्ही आकडा सांगा, पण वर्णनही नक्की सांगा. रूट कॅनाल लागेल का, हे ठरवताना त्याचाच जास्त उपयोग होतो.

दाताच्या आत नसा आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा असतो. गार लागून आलेली कळ काही सेकंदांत गेली, तर गाभा बहुधा सावरू शकतो आणि फिलिंगवर काम भागतं. तीच कळ अर्धा मिनिट किंवा जास्त रेंगाळली, गरम चहाने उठली, काही खाल्लं-प्यायलं नसताना सुरू झाली किंवा झोपेतून उठवायला लागली, तर आतला गाभा वाचणं कठीण असतं. चावताना एकाच दाढेत दुखणं, मार लागलेला दात महिन्यांनी काळपट पडणं, हिरडीवर पुन्हापुन्हा येणारी पुळी, याही खुणाच.

आणि सगळ्यात फसवी खूण म्हणजे ठणका एक दिवस आपोआप थांबतो. गाभा मेला की दुखायला नस उरत नाही. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडाकडे सरकत राहतात. ‘डिसेंबरात पुण्याला गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांची गाडी नेमकी इथेच चुकते, कारण ऑक्टोबरात दुखणं थांबतं आणि डिसेंबरात दाताची आठवणही राहत नाही.

न दुखणाऱ्या दाताचं काय करायचं, या प्रश्नावर अमेरिकेत एकेकाळी प्रचंड गोंधळ झाला होता. १९१० साली लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी कॅनडात, माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात भाषण दिलं. सोन्याच्या कॅप आणि ब्रिजखाली सडके दात झाकून ठेवणाऱ्या दंतवैद्यांवर त्यांनी झोड उठवली आणि रक्तक्षयापासून संधिवातापर्यंत कितीतरी दुखण्यांचं मूळ तोंडातल्या या घाणीत असल्याचं सांगितलं. माझ्या मते हंटर अगदीच चूक नव्हते. त्या काळी कॅपखाली खरंच काहीबाही दडवलेलं असे. पण पुढे शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज यांच्यासारख्या वजनदार डॉक्टरांनी ‘फोकल इन्फेक्शन’चा सिद्धांत उचलून धरला आणि गाभा मेलेला प्रत्येक दात संशयित ठरला. क्लीव्हलंडच्या वेस्टन प्राइस यांनी रूट कॅनाल केलेले दात काढून सशांच्या कातडीखाली बसवले. ससे आजारी पडले, आणि १९२३ मध्ये प्राइस यांचा जाडजूड ग्रंथ आला. दात उपटतानाच हिरडीवरचे जंतू त्याला चिकटू शकतात, ही अडचण या प्रयोगांत नीट सोडवलेली नव्हती.

त्यात एक्स-रे नवा होता. मुळाशी जरा सावली दिसली की दात गेलाच म्हणून समजा. असे सगळे दात सरसकट काढणाऱ्या दंतवैद्यांना ‘शंभर टक्केवाले’ म्हणत. न्यू जर्सीत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी तर वेड बरं करण्यासाठी रुग्णांचे हजारो दात काढवले. त्यांनी स्वतःच्या मुलांचेही दात काढायला लावले, म्हणजे माणूस ढोंगी नव्हता. मला तेच जास्त भीतीदायक वाटतं.

न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स यांनी या उपटाउपटीला १९२० मध्ये जाहीर विरोध केला. दातांसाठी एक्स-रे वापरणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या काही लोकांपैकी ते एक. त्याच किरणांनी पुढे त्यांचा हात नेला आणि १९२८ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. मग १९३८ मध्ये रसेल सेसिल आणि मरी अँजेव्हाइन यांनी संधिवाताचे २०० रुग्ण तपासून दात आणि टॉन्सिल काढल्याचा फायदा दिसत नसल्याचं मांडलं. सिद्धांताची हवा गेली. १९४३ मध्ये रूट कॅनाल करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९६३ मध्ये या कामाला स्वतंत्र शाखेची मान्यता मिळाली. तरी जुनं भूत अधूनमधून उठतंच. ‘रूट कॉज’ नावाचा माहितीपट २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवरून काढला गेला, त्यातही हाच जुना धाक होता.

पण ‘सगळे आजार दातातून येतात’ हे खोटं ठरलं, म्हणून दातातला जंतुसंसर्ग दातातच राहतो असं नाही. २००७ मध्ये मेरीलँडमध्ये डेमॉन्टे ड्रायव्हर हा १२ वर्षांचा मुलगा गेला. सडलेल्या दातातले जंतू मेंदूपर्यंत पोचले होते. दाताबद्दल त्याची तक्रार नव्हती. आई धाकट्याच्या किडलेल्या दातांसाठी डेंटिस्ट शोधत होती, आणि याचं सुरुवातीला फक्त डोकं दुखत होतं. साधारण ८० डॉलरमध्ये तो दात काढता आला असता. मेंदूच्या दोन शस्त्रक्रिया होऊनही तो वाचला नाही, आणि बिल अडीच लाख डॉलरच्या घरात गेलं. जगातलं पहिलं दंतवैद्यक कॉलेज याच मेरीलँडमध्ये, बाल्टिमोरला, १८४० साली निघालं होतं. दात एकीकडे आणि बाकीचं शरीर दुसरीकडे, ही विभागणी तेव्हापासूनची. १९६५ च्या मेडिकेअरनेही दातांचे नेहमीचे उपचार बाहेरच ठेवले. तुमच्या विद्यापीठाच्या विम्यात दात नसतील, तर त्याची मुळं इतकी जुनी आहेत.

तेव्हा कळ रेंगाळायला लागली की डिसेंबरची वाट बघू नका. जवळ डेंटल स्कूल असेल तर तिथल्या क्लिनिकमध्ये फोन करा. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पैसे बरेच कमी. तिथे आधी शेजारच्या चांगल्या दातांना गार कापूस लावून बघतील, मग दुखऱ्या दाताला. हलकेच ठोकतील, एक्स-रे काढतील. हाड बरंच झिजल्याशिवाय एक्स-रेत सावली येत नाही, म्हणून फोटो स्वच्छ आला तरी गार कापसाची चाचणी महत्त्वाची. नुसत्या अँटिबायोटिकवर सुटका होत नाही, कारण मेलेल्या गाभ्यात रक्तच जात नाही, तर औषध कसं जाणार? आणि गाल किंवा मान सुजली, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास व्हायला लागला, तर डेंटिस्टच्या अपॉइंटमेंटसाठी थांबू नका, थेट इमर्जन्सी रूम गाठा.