नागपूरची मध्यरात्र: डेक्कन ३६० ची छोटीशी गोष्ट

आजची गोष्ट एका विमान कंपनीची आहे. तुम्ही तिच्या विमानात कधीच बसला नसाल, कारण त्या विमानांत सीट्सच नव्हत्या, नुसती खोकी होती. कंपनीचं नाव डेक्कन ३६०. नोव्हेंबर २००९ मध्ये सुरू झाली, २०११ मध्ये विमानं थांबली. म्हणजे धड दोन वर्षंही नाही.

मालक मात्र तुमच्या ओळखीचे आहेत. कॅप्टन गोपीनाथ. 'सूरराई पोट्रु' बघितलाय ना? किंवा अक्षय कुमारचा 'सरफिरा'? ते दोन्ही सिनेमे याच माणसाच्या आयुष्यावर बेतलेले. सैन्यातून बाहेर पडले, हासनजवळ शेती केली, रेशीमकिडे पाळले, हेलिकॉप्टर कंपनी काढली आणि २००३ मध्ये एअर डेक्कन. सामान्य माणसाला परवडणारं विमान. त्यांच्या सुरुवातीच्या एका उड्डाणात, हैदराबादहून विजयवाड्याला जाताना, धावपट्टीवरच इंजिनाला आग लागली होती, आणि आत व्यंकय्या नायडू बसलेले! पुढे २००७ मध्ये विजय मल्ल्यांच्या किंगफिशरने या कंपनीत मोठा हिस्सा घेतला आणि एअर डेक्कन हे नाव हळूहळू पुसलं गेलं. सिनेमा टाळ्यांवर संपतो. पण माणूस तिथे थांबला नव्हता. त्यांनी पुढचा डाव मांडला तो नागपुरात.

आता नागपूरच का? उत्तर सोपं आहे. नकाशा उघडा आणि देशाच्या मधोमध बोट ठेवा. कल्पना अशी होती की संध्याकाळी वेगवेगळ्या शहरांतून माल भरून विमानं निघतील, मध्यरात्री सगळी नागपुरात उतरतील, खोक्यांची अदलाबदल होईल, आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परत. बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा. मधला तुंबा म्हणजे नागपूर, आणि आरे म्हणजे विमानांचे मार्ग.

यातलं गणित माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला लगेच भुरळ घालतं. दहा शहरं एकमेकांना थेट जोडायची तर ४५ मार्ग लागतात. मध्ये एक तुंबा ठेवला की फक्त १०. अमेरिकेत फेडेक्सने हेच केलं. एप्रिल १९७३ मध्ये मेम्फिस शहरातून १४ छोटी विमानं, २५ शहरं, आणि पहिल्या रात्री पार्सलं किती? फक्त १८६. पुढे पैसे इतके संपले की मालक फ्रेड स्मिथ उरलेले ५,००० डॉलर घेऊन लास वेगासला गेले, पत्त्यांवर २७,००० करून आणले आणि इंधनाचं बिल भागवलं, असं त्यांचेच जुने सहकारी सांगतात.

पण मंडळी, खरी गंमत पुढे आहे. ही कल्पना अमेरिकेतून नागपुरात आली असं आपण समजतो. प्रत्यक्षात नागपूरने हे फेडेक्सच्या २४ वर्षं आधी करून दाखवलं होतं! ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. तेव्हा रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री चार विमानं निघायची, सोनेगावच्या विमानतळावर भेटायची, टपालाच्या पिशव्या बदलायच्या आणि उजाडेपर्यंत परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. ईमेल नाही, फॅक्स नाही, एसटीडी नाही, अशा काळात ही जादूच.

आणि तिथेही पहिला बळी गेला तो एका छोट्या कंपनीचाच. हे काम आधी इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स नावाच्या खासगी कंपनीकडे होतं. काही महिन्यांतच तिचं कंबरडं मोडलं, आणि त्याच वर्षी काम हिमालयन एव्हिएशनकडे गेलं. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली आणि टपालाची विमानंही तिकडे गेली.

हे सगळं रोमँटिक वाटतं, पण रात्रीचं उडणं स्वस्त नव्हतं. दुसऱ्या महायुद्धातून उरलेली डाकोटा विमानं होती ती. या विमानांत टपालाबरोबर थोडे प्रवासीही असायचे. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपूरहून मद्रासकडे निघालेलं टपालाचं विमान उडाल्यावर लगेच कोसळलं. १३ माणसं गेली. वाचला फक्त वैमानिक. सकाळी दारात आलेल्या पत्रामागे अशा रात्री उभ्या होत्या. ही सेवा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, तोवर मोठी जेट विमानं आली होती आणि शहरं थेट जोडली गेली होती. तुंब्याची गरजच उरली नाही.

माझं बालपण नागपूरचं. आम्हाला विमानतळ म्हटलं की वेगळंच विमान आठवायचं. १९९१ मध्ये कॉन्टिनेंटल एव्हिएशन नावाच्या कंपनीचं एक बोइंग ७२० बिघाड झाला म्हणून इथे उतरलं, ते उडालंच नाही. २०१५ पर्यंत तिथेच उभं! मी शाळेत असताना घरात मिहानची, कार्गो हबची, नोकऱ्यांची चर्चा चालायची. "आता पोरांना पुण्याला जावं लागणार नाही," असं बाबा म्हणायचे. मी पुण्यातूनच हे रेकॉर्ड करतोय, त्यामुळे पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल.

तर डेक्कन ३६० का बुडाली? विमान पडून नाही. हिशेब पडला.

एक, विमानं. मोठ्या मार्गांवर एअरबस ए३१०, म्हणजे प्रवासी विमानं बदलून केलेली मालवाहू, साधारण ४० टन उचलणारी. छोट्या मार्गांवर एटीआर ७२. आता ४० टनांचं विमान अर्धं रिकामं गेलं तरी वैमानिक तेवढेच लागतात, आणि इंधनाचं बिल काही अर्धं होत नाही.

दोन, इंधन. विमानाच्या इंधनावर आपल्याकडे राज्यं भरपूर कर लावतात. छोट्या टर्बोप्रॉप विमानांना त्यात सवलत, मोठ्या जेटला नाही. त्यात २०११ च्या सुरुवातीला अरब देशांत उठाव झाले आणि कच्चं तेल १०० डॉलरच्या वर गेलं.

तीन, स्पर्धा. प्रवासी विमानांच्या पोटात माल नेता येतो. ते विमान तसंही उडणारच असतं, त्यामुळे तिथला दर कमी ठेवता येतो. नुसत्या मालावर जगणाऱ्याला तो परवडत नाही.

चार, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: चाक आधी बनलं, बैलगाडीत घालायला माल नव्हता. ब्लू डार्टचं बघा. कुरिअरचा धंदा १९८३ चा, स्वतःची मालवाहू विमानं १९९६ ची. तेरा वर्षं आधी खोकी जमवली, मग पंख घेतले. डेक्कन ३६० ने आधी पंख घेतले. २०१० मध्ये रिलायन्सचे पैसेही आले, पण पैशाने विमान भरत नाही, ते पार्सलनेच भरावं लागतं. आणि घरोघरी पार्सल मागवणारा भारत तेव्हा नुकताच जागा होत होता. अ‍ॅमेझॉन इथे २०१३ मध्ये आलं.

शेवटी देणी थकली, प्रकरण कोर्टात गेलं.

मला ही गोष्ट जवळची वाटते त्याला कारण आहे. माझी पहिली नोकरी एका छोट्या डिलिव्हरी कंपनीत होती. नाव सांगत नाही. आम्ही रात्री जागून अकरा शहरांसाठी भारी सॉफ्टवेअर बांधलं. ऑर्डर यायच्या तीन शहरांतून. शेवटच्या दोन महिन्यांचा पगार कुणालाच मिळाला नाही. माझं निभावलं, मला दुसरी नोकरी लागली. पण गोदामातल्या मुलांच्या खोल्यांचं भाडं थकलं होतं. "कल्पना काळाच्या पुढे होती" हे वाक्य मालकाच्या मुलाखतीत छान दिसतं. तिची किंमत खालच्या माणसाने भरलेली असते.

म्हणून मी गोपीनाथांना हसत नाही आणि त्यांची आरतीही ओवाळत नाही. नागपूर देशाच्या मध्यावर आहे हे १९४९ मध्येही खरं होतं आणि २००९ मध्येही. फरक एवढाच की १९४९ मध्ये पिशव्या आधीच भरलेल्या होत्या, कारण अख्खा देश पत्रं लिहीत होता.

तुमच्या घरात कुणी आजोबा टपाल खात्यात, आरएमएसमध्ये होते का? रात्रीच्या विमानाची एखादी आठवण ते सांगत असतील तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. भेटू, काळजी घ्या.