कानामागची गुठळी

फ्रान्सचा राजा दुसरा फ्रान्सिस हा १५६० च्या नोव्हेंबरात ऑर्लियाँ येथे कानाच्या दुखण्याने अंथरुणास खिळला, तेव्हा त्याचे वय अवघे सोळा होते. आम्ब्रुआज पारे याच्यासारखा त्या युगातील अग्रगण्य शस्त्रवैद्य दरबारात हजर होता. कवटीस छिद्र पाडून आतील पुवाला वाट करून द्यावी असा विचार निघाला होता, परंतु राजमाता कातरीन द मेदिची हिने त्यास संमती दिली नाही, असे सांगतात. ५ डिसेंबरला राजा निवर्तला आणि गादी दहा वर्षांच्या धाकट्या भावाकडे गेली. त्या कानातील पू मेंदूत शिरला होता, मेंदूच्या आवरणांत पसरला होता की कानामागच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी करून बसला होता, हा प्रश्न त्या दरबारात कोणी उपस्थितच केला नसता. कारण या तीन मरणांत भेद आहे हेच पुढची तीनशे वर्षे वैद्यकाला नीटसे उमगले नव्हते.

वाहता कान हा दुर्लक्ष करण्याजोगा विकार नव्हे, एवढे मात्र प्राचीनांना पक्के ठाऊक होते. सुश्रुताने उत्तरतंत्रात अठ्ठावीस कर्णरोग सांगितले असून त्यांत कर्णस्राव, पूतिकर्ण आणि कर्णविद्रधी यांना स्वतंत्र स्थान दिले आहे; हिपोक्रेटिसाच्या परंपरेतही कानाच्या तीव्र वेदनेसोबत ताप हटेनासा झाला तर रोगी भ्रमिष्ट होऊन दगावेल, असा इशारा आढळतो. आपल्याकडे मात्र ‘कान फुटला’ हे पोराच्या वयाबरोबर येणारे आणि वयाबरोबरच जाणारे किरकोळ दुखणे समजले गेले. घराघरांतून लसणीचे कोमट तेल कानात पडत राहिले आणि ‘हाड सडले आहे’ असे डॉक्टराच्या तोंडून ऐकेपर्यंत त्याची दाद कोणी फारशी घेतली नाही.

हे हाड म्हणजे कानाच्या पाळीमागे बोटाला लागणारा उंचवटा, कर्णमूलास्थी. बाहेरून तो भरीव वाटतो, पण आतून मधाच्या पोळ्यासारखा पोकळ कप्प्यांचा असतो आणि हे कप्पे मध्यकर्णाशी जोडलेले असतात. त्यांच्या मागच्या अंगास, हाडाच्या एका पातळ पापुद्र्यापलीकडे, मेंदूतील अशुद्ध रक्त मानेकडे वाहून नेणारी रुंद वळणदार शीर असते. मध्यकर्णातील पुवाने तो पापुद्रा कुरतडला की शिरेची भिंत सुजते, आतील रक्त तिला चिकटून गोठते, आणि ती गुठळी जंतूंनी भरून खाली मानेकडे व मागे मेंदूकडे वाढू लागते. तिचे कण सुटून हृदयामार्गे फुप्फुसांत गेले की तेथे नवे गळू तयार होते. रक्त शिरेत का गोठते आणि गुठळीचे तुकडे दूर जाऊन काय अनर्थ करतात, याची शास्त्रशुद्ध मांडणी रुडॉल्फ फिर्खो याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केली. तोवर शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसणारी ही गुठळी रोगाचे कारण की मृत्यूनंतरचा अवशेष, याचाच निकाल लागला नव्हता.

कानामागचे हाड उघडण्याचे धाडस फिर्खोच्याही आधी झाले होते. अठराव्या शतकात पॅरिसच्या झाँ-लुई पेती याने आणि १७७६ मध्ये प्रशियाच्या लष्करातील यासर नामक शस्त्रवैद्याने ते करून दाखविले. परंतु १७९१ मध्ये डेन्मार्कच्या राजाचा वैद्य फोन बर्गर याने आपले बहिरेपण आणि कानातील नाद घालविण्यासाठी हीच शस्त्रक्रिया स्वतःवर करवून घेतली आणि मेंदूच्या आवरणास दाह होऊन तो मेला. ज्या रोगावर ही शस्त्रक्रिया नव्हतीच त्या रोगासाठी ती केली गेली आणि दोष मात्र शस्त्रक्रियेच्या माथी आला. एका दरबारी माणसाच्या मृत्यूने एक चांगला इलाज जवळजवळ ऐंशी वर्षे बहिष्कृत राहिला. १८७३ मध्ये हाल्ले येथील हेर्मान श्वार्त्से याने आपल्या सहकाऱ्यासह ती केव्हा करावी व कशी करावी याचे स्पष्ट नियम प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे तिच्यावरील बंदी उठली.

मग गाडी वेगाने पुढे सरकली. १८८० मध्ये प्रागच्या झाउफालने सुचविले की, मानेतील शीर बांधून टाकावी, म्हणजे विषारी कण खाली उतरणार नाहीत, आणि वर शीर उघडून गुठळी काढून घ्यावी. १८८८ मध्ये लंडनच्या आर्बथनॉट लेनला त्यात यश आले, पाठोपाठ चार्ल्स बॅलन्सलाही, आणि ग्लासगोच्या विल्यम मॅकएवेनने १८९३ मध्ये मेंदूच्या पूयजन्य विकारांवर जो ग्रंथ लिहिला त्याने या विषयाचा पायाच घातला. लिस्टरचे जंतुनाशक तंत्र त्याने ग्लासगोतच आत्मसात केले होते. मेंदूतील गळवांवर केलेल्या एकोणीस शस्त्रक्रियांपैकी अठरा रोगी वाचल्याची त्याची नोंद वाचताना, हे आकडे पेनिसिलिनच्या अर्धशतकापूर्वीचे आहेत, याचे स्मरण ठेवावे लागते.

त्या शस्त्रक्रियेचा क्रम पाहण्यासारखा आहे. कानामागे छेद घेऊन छिन्नीने हाड थरथराने काढीत शीर उघडी करावयाची. निरोगी शीर निळसर आणि दाबली असता मऊ लागते, रोगट शीर राखाडी, पुवाने माखलेली आणि टणक. तिच्यात सुई खुपसून रक्त ओढून पाहावयाचे. रक्त आले तर शीर वाहती आहे, कोरडी राहिली तर आत गुठळी आहे. मग औषधी कापडाची पट्टी शीर आणि हाड यांच्यामध्ये वर व खाली कोंबून दोन्ही बाजूंचा प्रवाह अडवावयाचा, मधली भिंत चिरावयाची, गुठळी खरवडून काढावयाची आणि वरची पट्टी क्षणभर सैल करून ताजे रक्त उसळते की नाही ते पाहावयाचे. उसळले की वाट मोकळी झाली, असा त्याचा अर्थ.

शस्त्रक्रियेचे सारे सामर्थ्य येथे दिसते खरे. परंतु शस्त्रवैद्याच्या हातातील सुई ही कवटी उघडल्यानंतरची परीक्षा होती. कवटी उघडावी की नाही हे ठरविण्यास उपयोगी पडेल अशी परीक्षा कोणती, ही खरी अडचण होती, आणि माझ्या मते या रोगाच्या इतिहासात कापण्यापेक्षा ओळखणेच नेहमी अधिक बिकट ठरत आले आहे. हुडहुडी भरून १०४ अंशांवर चढणारा, घाम सुटून उतरणारा आणि पुन्हा चढणारा ताप हे त्याचे मुख्य लक्षण. पण हिंदुस्थानात असा ताप म्हणजे हिवताप, हा समज इतका रूढ की टपालकचेरीत विकल्या जाणाऱ्या क्विनाईनच्या पुड्या आधी संपत आणि रोग्याच्या कानाकडे नजर मागाहून जाई. लाव्हेराँने १८८० मध्ये हिवतापाचा जंतू रक्तात दाखविल्यावर काचपट्टीवरील रक्ताच्या थेंबाने हा संशय फेडता येऊ लागला, तरी सूक्ष्मदर्शक गावोगाव थोडाच होता!

मग १९२५ मध्ये बोस्टनच्या टोबी आणि आयर या दोघांनी एक युक्ती काढली. रोग्यास कुशीवर निजवून पाठीच्या मणक्यांमध्ये सुई घालावयाची, तिला काचेची उभी नळी जोडावयाची आणि मदतनिसाने मानेतील एका बाजूची शीर बोटांनी दाबावयाची. निरोगी बाजू दाबली असता नळीतील द्रव झरझर चढतो, गुठळीची बाजू दाबली असता तो हालत नाही, कारण तेथील प्रवाह आधीच थांबलेला असतो. युक्ती चातुर्याची होती, पण निसर्गाने अनेकांत डावीपेक्षा उजवी शीर मोठी केलेली असल्यामुळे तिचा कौल कधीकधी निखालस खोटा पडे.

१९३५ नंतर सल्फा औषधे आली, दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन आले, आणि १९५४–५५ पासून तर ते पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी कारखान्यात तयार होऊ लागले. कान फुटलेली लाखो मुले हाड सडण्यापर्यंत पोहोचेनाशी झाली, हे उपकार मोठेच. परंतु जे पोहोचले त्यांच्यात एक विचित्र पालट झाला. अर्धवट घेतलेल्या औषधाने हुडहुडीचा ताप दबला, कान कोरडा वाटू लागला, आणि गुठळी मात्र आत शांतपणे वाढत राहिली. रोगी आता येऊ लागला तो डोकेदुखी, उलट्या, अंधुक दृष्टी किंवा एकाच्या दोन वस्तू दिसण्याची तक्रार घेऊन, आणि नेत्रदर्शक यंत्रातून डोळ्याच्या पडद्यावरील मज्जातंतूचे टोक सुजलेले दिसे. लंडनच्या चार्ल्स सिमंड्सने कानाच्या रोगानंतर डोक्यातील दाब वाढलेली अशी मुले १९३१ मध्येच, म्हणजे औषधांच्या आधी, वर्णिली होती; औषधांनी तो प्रकार नेहमीचा करून टाकला. जुने लक्षण पुसले गेल्याने निदान पुन्हा एकदा अवघड झाले.

त्यातून सुटका झाली ती प्रतिमांमुळे. गॉडफ्री हाउन्सफील्डच्या सीटी यंत्राने १९७१ मध्ये लंडनच्या एका इस्पितळात पहिल्या रोग्याचे डोके चित्रित केले. शिरेत औषध सोडून चित्र घेतले की गोठलेल्या शिरेच्या कडा उजळतात आणि मधला भाग काळा राहतो. त्यानंतरच्या एमआरआयने तर प्रवाह आहे की नाही हे शिरेला हात न लावता दाखविले. मानेतील शीर बांधण्याची झाउफालची सूचना आज बहुधा दप्तरात पडली आहे. रक्तात जंतू फिरतच राहिले, तरच तिची आठवण होते. शिरेतून भरपूर प्रतिजैविके द्यावीत आणि कानामागचे सडलेले हाड काढून पुवाचे मूळच उपटावे, यावर मतभेद नाही. शीर उघडून गुठळी काढण्याचा आग्रहही बराच ओसरला आहे, कारण मूळ नाहीसे झाले की अनेकांत शरीर स्वतःच ती वाट पुन्हा मोकळी करते.

मतभेद आहे तो रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांविषयी. १९१६ मध्ये बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत जेय मॅक्लीन याच्या कामातून पुढे आलेले हेपारिन एरवी मेंदूच्या शिरांतील गुठळीवर सर्रास दिले जाते. परंतु कानाची गुठळी जंतुयुक्त असते, ती सैल होऊन तिचे कण सुटतील काय, आणि नुकत्याच कोरलेल्या हाडातून रक्तस्राव होईल काय, या दोन शंकांमुळे कानाचे डॉक्टर आणि मेंदूचे डॉक्टर अजून एका मताचे नाहीत. गुठळी मागे मेंदूकडे वाढत असेल तर द्यावे, ती जागच्या जागी असेल आणि हाड स्वच्छ झाले असेल तर थांबून पाहावे, असा मध्यममार्ग पुष्कळ इस्पितळांत पत्करला जातो, आणि दिले तर ते बहुधा काही महिने चालू ठेवून पुन्हा चित्र काढले जाते.