स्पॅनिश गतिवाचक क्रियापदे : आत्मवाचक व अनात्मवाचक

‘इर’ (जाणे), ‘काएर’ (पडणे) इ. स्पॅनिश क्रियापदांची ‘से’ या आत्मवाचक सर्वनामासह व त्याविना होणारी द्विविध रूपे.

‘से’ लॅटिनमधून आले. गतिवाचक क्रियापदाशी त्याची जोड एगेरिया या यात्रेकरू स्त्रीच्या चौथ्या शतकाच्या अखेरच्या लॅटिन यात्रावर्णनात आढळते (पहा : लॅटिन भाषा).

कर्त्यानुसार सर्वनाम बदलते : मे, ते, से, नोस, ओस. ‘इर’चा रोख गंतव्याकडे असतो : ‘बोय आ माद्रिद’ (माद्रिदला जातो). ‘मे बोय’ (निघालो) यात असलेली जागा सोडणे मुख्य. गंतव्य सांगितले नाही तरी चालते. मराठीतील ‘जाणे’ व ‘निघून जाणे’ हा भेद याच्या जवळचा आहे (पहा : संयुक्त क्रियापदे). पाऊस पडतो तेव्हा ‘काएर’, माणूस घसरून पडतो तेव्हा ‘काएर्से’. हातून पेला निसटला, तर ‘से मे कायो एल बासो’. यातील ‘मे’ ज्याच्या हातून पडला त्याचा निर्देश करतो, दोष मात्र त्याच्यावर येत नाही. ‘सालिर’ म्हणजे बाहेर पडणे. ‘सालिर्से’ म्हणजे मध्येच उठून जाणे किंवा द्रव गळणे.

‘आत्मवाचक’ ही संज्ञा येथे काहीशी फसवी आहे. कर्ता स्वतःवर क्रिया करीत नसल्याने ‘स्वतःला’ असे भाषांतर चुकते (पहा : प्रयोग, व्याकरणातील).